मागच्या भिंतीजवळचे शमुवेल

मी लग्न होऊन नाशिकला आले, तेव्हा आमच्या गल्लीत शमुवेल नावाचे पाच पुरुष होते. कोणी नुसतं "शमुवेल" म्हणून हाक मारली की दोन ओट्यांवरून दोघं मान वर करायचे आणि तिसरा खिडकीतून विचारायचा, कुठला पाहिजे. म्हणून प्रत्येकाच्या नावाला काहीतरी चिकटवलेलं होतं. पेटीवाला शमुवेल, तांबडा शमुवेल, सायखेड्याचा शमुवेल, पोस्टातला शमुवेल. पाचव्याला नुसतं मोठे काका म्हणत, कारण त्याच्यापर्यंत येईस्तोवर लोकांना आणखी काही सुचलं नव्हतं.

आमची गल्ली म्हणजे जुनी ख्रिस्ती वसाहत. बैठी कौलारू घरं, मध्ये चर्च, चर्चमागे चिंचा आणि चिंचांमागे कबरस्तान. मी नाशिक रोडच्या एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवायचे. दर जूनला नवा हजेरीपट लिहायचा, त्यामुळे नावांकडे माझं लक्ष फार. बाकीच्या बायकांना साड्यांची फॅशन कळते तशी मला नावांची कळते. पहिल्याच वर्षी माझ्या ध्यानात आलं की गल्लीतला सगळ्यात धाकटा शमुवेल पस्तिशीला टेकलाय आणि त्याच्यानंतर एकही झालेला नाही. गल्लीत पोरं खंडीभर होती, पण सगळी विशाल, सागर आणि अमोल.

मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, जुनं झालं ते नाव. नवरा सरकारी नोकरीत आणि स्वभावाने सावध. त्याचं म्हणणं असं की, भाड्याने घर बघायला गेलं तर मालकाने आधी खोली दाखवावी आणि मग आपण कोण ते विचारावं, असं नाव असलेलं बरं. मला ते आवडायचं नाही, पण खोटं आहे असंही म्हणता येत नव्हतं. नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या बहुतेक घरांनी तेच केलं. नाव असं ठेवायचं की ते गर्दीत मिसळून जाईल, आडनाव लागलं तर सांगायचं.

हे नाव मुळात आलं कुठून, ते सांगायला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना फार आवडायचं. चहाच्या एका कपावर ते अर्धा तास काढायचे. मूळ नाव हिब्रू. कोणी त्याचा अर्थ 'देवाने ऐकलं' असा लावतात, कोणी 'देवाचं नाव', आणि बायबलातल्या शमुवेलची आई म्हणते की मी याला देवाकडे मागून घेतलं. कोकणात तेल गाळणाऱ्या ज्यू घरांत हे नाव मिशनरी यायच्या कितीतरी आधी पोचलं होतं आणि तिथे त्याचं सामाजी झालं होतं. विलायतेत कित्येक शतकं ते फारसं कोणी ठेवत नव्हतं, मग धर्माचं एक वारं सुटलं आणि ते घरोघर झालं. तिथून ते साहेबांबरोबर बोटीने आपल्याकडे आलं. दुष्काळात मिशनच्या दारात आणून सोडलेल्या पोरांना साहेब हे नाव सढळ हाताने द्यायचे, कारण गोष्टीतल्या त्या मुलालाही आईने असंच देवळात आणून सोडलं होतं. माझ्या नवऱ्याचा पणजा त्यांतलाच एक.

गोष्ट अशी. एका बाईला मूल होत नव्हतं. सवत टोचून बोलायची. ती देवळात जाऊन रडली. ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता, तर तिथल्या म्हाताऱ्या याजकाला वाटलं, बाई प्यायलेली आहे. तिने नवस केला की मुलगा दे, मी तो तुलाच देईन. मुलगा झाला. दूध तुटल्यावर तिने त्याला नेऊन देवळात सोडलं. तिथे एकदा तो झोपेत असताना कोणीतरी त्याला नावाने हाक मारली. तो उठून म्हाताऱ्याकडे पळत गेला, तुम्ही बोलावलंत का म्हणून. असं तीनदा झालं तेव्हा म्हाताऱ्याला कळलं की हाक देव मारतोय. मला या गोष्टीत ती बाई आवडायची. बिचारी रडतेय, तर वर तिच्यावरच आळ.

आवडायला कारणही होतं. लग्नाला चार वर्षं झाली तरी माझी कूस रिकामी होती. उपासना सुटली की बायका माझ्या तोंडाकडे न बघता आधी पोटाकडे बघायच्या. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, कोणी सांगितलं म्हणून सहा महिने कसला तरी कडू काढा प्यायले. शेवटी मीही चर्चच्या मागच्या बाकावर बसून ओठ हलवायला लागले. पाचव्या वर्षी दिवस राहिले. नाव मी तेव्हाच ठरवून टाकलं. भाड्याने घर मिळो न मिळो, माझा मुलगा शमुवेल असणार होता.

सातवा लागल्यावर मी ते सासूबाईंना सांगितलं. सासूबाई मिशनच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या आणि बाळंतपणात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. निवृत्त झाल्या तरी गल्लीतलं प्रत्येक तान्हं मूल त्यांच्याच पसरलेल्या पायांवर न्हायचं. बोलायला रोखठोक. सायखेड्याकडची बोली त्यांनी कधी सोडली नाही, डॉक्टरांशीही तशाच बोलायच्या. त्या तांदूळ निवडत होत्या. नाव ऐकून त्यांचा हात थांबला.

"ते नाव नाय," त्या म्हणाल्या.

का, ते सांगितलं नाही. सूप तसंच टाकून मोरीत हात धुवायला गेल्या. मला वाटलं, लेक घाबरट तो आईवरच गेलाय. मी तसं बोलूनही दाखवलं. मग आमचं बोलणं बंद झालं. एकाच चुलीवर दोघी स्वयंपाक करायचो आणि मीठ कुठे आहे ते नवऱ्याला विचारायचो.

बोलणं बंद असतानाच मला कळा सुरू झाल्या. दुपारची वेळ होती. रिक्षात सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं, पण तोंडाने काही बोलल्या नाहीत. दवाखान्यात त्यांना कोण अडवणार, त्या सरळ आत आल्या. मुलगा झाला. एवढासा होता, रडला नाही, नुसता कण्हला. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि सांगितलं की फुप्फुसं तयार झालेली नाहीत. दुसरीकडे न्यायचं म्हटलं तरी तेवढा वेळ नव्हता.

आमच्यात बाप्तिस्मा पाळक देतात. पण मूल हातचं जात असेल आणि पाळक यायला वेळ नसेल, तर बाप्तिस्मा झालेलं कोणीही पाणी लावू शकतं. दवाखान्यातल्या जुन्या नर्सना हे पाठ असायचं. सासूबाईंनी उकळलेलं पाणी वाटीत घेतलं. मी मान वळवून बघत होते. मला वाटलं, आता त्या मला नाव विचारतील. त्यांनी विचारलं नाही. मुलाच्या कपाळावर तीनदा पाणी लावलं आणि म्हणाल्या, शमुवेल.

पाऊण तास जगला. त्यातला अर्धा तास तो माझ्या छातीवर होता. त्या अर्ध्या तासाबद्दल मला इथे काही लिहायचं नाही.

नंतर जे उरलं तो राग होता. रडायला येत नव्हतं, रागच यायचा. जगवायचा होता तेव्हा मागितलेलं नाव दिलं नाही आणि जायला निघाला तेव्हा लगेच काढून दिलं. मी त्यांच्या हातचं पाणीही पीत नव्हते. नवरा दोघींच्या मध्ये पेपर धरून बसायचा. सकाळी शाळेत हजेरी घ्यायचे आणि कुठलंही पोर 'हजर' म्हणालं की मला त्याच्या आईचा हेवा वाटायचा.

इस्टरच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळे कबरी साफ करतात, चुना मारतात, फुलं वाहतात. दुसऱ्या दिवशी पहाटे उपासना तिथेच होते. मखमलाबादच्या मळ्यातून एक माळीणबाई दरवर्षी टोपलंभर झेंडू आणि निशिगंध घेऊन फाटकाशी बसायची. मी चार फुलं घेऊन मागच्या भिंतीकडे गेले. तान्ह्या मुलांना तिथे पुरतात. छोटे छोटे उंचवटे, उशाला एकेक वीट, काहींना तीही नाही. सासूबाई माझ्या आधी आल्या होत्या. त्यांनी माळणीचं अख्खं टोपलंच घेतलं होतं आणि भिंतीच्या त्या टोकापासून त्या वाकत येत होत्या. एकेका उंचवट्यावर एक फूल ठेवायचं आणि म्हणायचं, शमुवेल. पुढचं फूल, शमुवेल. मला आधी वाटलं, म्हातारीला माझा कुठला ते आठवत नाहीये. मग त्या माझ्यापाशी आल्या, फूल ठेवलं, तेच म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

मी त्यांचा हात धरला आणि विचारलं, हे काय चाललंय. पाच महिन्यांनी आम्ही एकमेकींशी बोललो ते तिथे.

त्यांनी जे सांगितलं ते असं. नर्स होऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. हरसूलकडच्या आमच्याच मंडळीतल्या एका बाईचं मूल जात होतं. आई शुद्धीवर नव्हती, बाप बैल बांधायला बाहेर गेलेला. पाणी हातात होतं आणि नाव सुचत नव्हतं. आदल्या रविवारीच चर्चमध्ये ती हाक मारण्याची गोष्ट झाली होती, तेच नाव तोंडात आलं. पुढच्या वेळीही तेच आलं. पुढे त्यांनी दुसरं शोधलंच नाही. मंडळीतला जो जो मुलगा त्यांच्या हातात गेला, त्या सगळ्यांना त्यांनी हेच नाव दिलं. गाव लांब असेल तर बाप मूल इथेच पुरून जायचे.

"लेकरू बिननावाचं गेलं तर तिकडं त्याला कोण हाक मारंल?" त्या म्हणाल्या. "ह्या नावानं हाक मारायची देवाला सवय हाय. आन् हे पोर हाकेला ओ देतं."

"मग मला का नाही म्हणालात?"

"तुझं जगंल असं वाटत व्हतं मला," त्या म्हणाल्या. "म्हणून नाय म्हणले."

मला तेव्हा त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मी म्हणाले, तुम्ही माझ्या मुलाला रांगेत उभं केलंत. आणि ते नावही तुम्ही संपवलंत, आता गल्लीतली एकही बाई ते पोटच्या पोराला ठेवणार नाही. त्या म्हणाल्या, ठावं हाय मला. मग टोपलं उचललं आणि राहिलेल्या कबरींकडे गेल्या.

ते खरंच होतं. घरी येताना पेटीवाल्या शमुवेलच्या बायकोला मी आडून विचारलं, तर ती सहज म्हणाली की ते नाव आता मागच्या भिंतीजवळचं झालं. तिला माहीत होतं. सगळ्या बायकांना माहीत होतं. माझ्या नवऱ्याला वाटायचं नाव नोकरीमुळे मागे पडलं, पाळकसाहेबांना वाटायचं टीव्हीमुळे, आणि ते उपदेशात तसं बोलायला लागले की बायका मांडीवरच्या रुमालाशी चाळा करत बसायच्या. तीसएक वर्षांत एकेक बाई दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत आली होती आणि प्रत्येकीने शेजारणीला सांगितलं होतं. एवढंच झालं होतं.

पुढच्या सहा वर्षांत मला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. त्या दोघांत नाव ठेवण्याएवढंही काही हाती आलं नाही. मी शिकलेली बाई, शाळेत पोरांना सांगायचे की मांजर आडवं गेलं तर काही होत नसतं. पण त्या नावाची मला धास्ती बसली होती. पोस्टातला शमुवेल समोरून आला की मी पदर पोटावर ओढून घ्यायचे. चर्चमध्ये त्या गोष्टीचा रविवार असला की डोकं दुखतंय सांगून घरी राहायचे. नवरा म्हणाला, दत्तक घेऊ. मी म्हणाले, नको. का नको ते मलाही माहीत नव्हतं. मला माझंच हवं होतं आणि ते होत नव्हतं, आणि रोज चाळीस पोरांची शेंबडी नाकं पुसताना मला कधीकधी त्यांचा इतका राग यायचा की मी वर्गाबाहेर जाऊन उभी राहायचे.

मग सन दोन हजारच्या जानेवारीत, नाशिकच्या ऐन थंडीत, आठवा लागता लागता पुन्हा मुलगा झाला. पोट फाडून काढला. दीड किलोही भरला नाही. या वेळी आम्ही काचेची पेटी असलेल्या मोठ्या दवाखान्यात होतो. पेटीवर नुसता नंबर आणि माझं नाव लिहिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की रात्रीपासून श्वास नीट नाही, आजचा आणि उद्याचा दिवस बघू.

नवऱ्याने ते घरी फोन करून सांगितलं. ही त्याची चूक. दहाच्या सुमाराला सासूबाई सिटी बसने एकट्याच आल्या. सत्तरीच्या होत्या तेव्हा. कापडी पिशवीतून त्यांनी औषधाची एक रिकामी बाटली काढली. धुऊन, उकळून, त्यात गार केलेलं पाणी आणलं होतं. वर स्वच्छ कापसाचा बोळा. मला बघताक्षणी कळलं.

मी टाक्यांवर हात दाबून पेट्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. धड उभंही राहता येत नव्हतं, पण दार मी सोडणार नव्हते.

"तुम्ही आत गेलात तर तो जाईल," मी म्हणाले.

"आन् मी नाय गेले आन् तो गेला तर?"

"जाणार नाही."

"बिननावाचा जाईल गं तो."

मी त्यांचं मनगट धरलं होतं. त्या हाताने त्यांनी अर्धी गल्ली जगात आणली होती, माझा नवरा सोडला तर सगळ्यांची पहिली आंघोळ घातली होती, आणि मी तो असा धरला होता की नंतर चार दिवस त्यावर माझ्या बोटांचे वळ होते. नवरा मध्ये येऊन म्हणाला, आईला जाऊ दे आत, तिला शेवटचं बघू तरी दे. शेवटचं म्हणाला. मी त्याला काय बोलले ते आठवत नाही, पण सिस्टर धावत आली एवढं आठवतं.

सासूबाईंनी हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने बाटली माझ्यापुढे केली. "मग तू लाव," त्या म्हणाल्या. "तुला वाटंल ते नाव ठेव. मी बघनार पन नाय."

मी बाटली घेतली आणि दाराशेजारच्या कुंडीत ओतून दिली. त्यांच्या देखत.

त्या दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. आत आल्या नाहीत, काचेतूनही बघितलं नाही. ओठ हलत असायचे. पाचव्या दिवशी मुलाचा श्वास सुधारला, पुढच्या महिन्यात घरी आलो. मी जिंकले असं मला वाटत होतं. तिसऱ्या महिन्यात चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बाप्तिस्मा दिला. नाव नवऱ्याने एका पुस्तिकेतून काढलं होतं, नाशिकमधल्या कुठल्याही मुलाचं असू शकेल असं. माझ्या वर्गात त्या वर्षी त्या नावाची तिघं होती.

मग मी घरात नियम केला. ते नाव घरात घ्यायचं नाही. आणि माझ्या मुलाच्या डोक्यावर सासूबाईंनी पाणी घालायचं नाही. आमच्याकडे नातवाला आजी न्हाऊ घालते, त्यात विचारायचं काही नसतं. माझ्या घरात मात्र मी त्याला न्हाऊ घालायचे आणि त्या मोरीच्या बाहेर पाटावर बसून सांगायच्या, मान धर, कानात जाऊ देऊ नको, आता पालथा घे. पायावर घ्यायला त्यांनी कधी मागितला नाही. शेजारच्या घरची तान्ही त्यांच्याकडे न्हायला यायची, माझा मुलगा नाही. त्याच्या डोक्यावरून त्या साधा हातही फिरवायच्या नाहीत, पाठीवर फिरवायच्या. हे मला दिसत होतं. इतक्या वर्षांनी हातात आलेलं मूल, मी कसलाही धोका पत्करायला तयार नव्हते, मग त्यासाठी म्हातारीला पाटावर बसवावं लागलं तरी बेहत्तर.

आणि मग गंमत बघा, ते नाव परत आलं. दोन हजारनंतरच्या पाच-सहा वर्षांत गल्लीतली मुलं आखातात गेली, पुण्याला कॉम्प्युटरमध्ये गेली, लग्नं करून आली आणि त्यांनी इंटरनेटवरून नावं काढली. जुनी हिब्रू नावं एकदम झकास वाटायला लागली, फक्त इंग्रजी उच्चारात. टोकाच्या घरात सॅम झाला. वर्षभरात दुसरा सॅम झाला. दुबईहून आलेली एक सून मला म्हणाली, काकू, किती गोड नाव आहे ना, छोटंसं. तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. ज्यांनी सांगायचं त्या बायका म्हाताऱ्या झाल्या होत्या किंवा स्वतःच कबरस्तानात होत्या. मी हो म्हणाले. ओट्यावरून ती "सॅम, सॅम" हाका मारायची आणि ते पोर धूळ उडवत पळत यायचं. मी दार लावून घ्यायचे. सासूबाई बाहेर बसलेल्या असायच्या, त्यांना सॅम म्हणजे कोण ते कळत नव्हतं.

दोन हजार आठच्या पावसाळ्यानंतर त्यांना फारसं काहीच कळेनासं झालं. आधी दिवस विसरल्या, मग जेवल्याचं विसरल्या, मग मी कोण ते. मला सिस्टर म्हणायच्या आणि वॉर्डात किती बायका आहेत ते विचारायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच ठेवा, जास्त दिवस नाहीत.

एका रविवारी सकाळी मी मुलाला चर्चच्या शब्बाथशाळेसाठी तयार करत होते. आठ वर्षांचा होता, स्वतःच न्हाऊन आला, केस पुसायचा कंटाळा. तसाच आजीच्या खाटेजवळून कंगवा घ्यायला गेला. सासूबाईंनी डोळे उघडले. त्याच्या केसांतून कपाळावर पाणी निथळत होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि एवढा आवाज त्यांच्यात उरला असेल असं वाटत नव्हतं, अशा स्पष्ट आवाजात त्यांनी हाक मारली, "शमुवेल."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. हातात शर्ट होता. आठ वर्षं मी जे दार अडवून उभी होते ते असं उघडं पडलं. मुलाने माझ्याकडे बघितलं. त्याने हे नाव घरात कधी ऐकलेलं नव्हतं. माझ्या डोक्यात एकच, नको, नको, याला नको.

त्यांनी पुन्हा हाक मारली. ओठ थरथरत होते. त्या उत्तराची वाट बघत होत्या, पन्नास वर्षांपासून बघत असाव्यात, आणि तेवढ्यांतल्या एकानेही त्यांना उत्तर दिलेलं नव्हतं.

तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मी मुलाला म्हणाले, "ओ दे आजीला."

"ओ, आजी," तो म्हणाला.

त्यांनी हात उचलला आणि त्याच्या ओल्या डोक्यावर ठेवला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"जगलास?" त्यांनी विचारलं.

शाळेत पाहुणे आल्यावर सांगतात तसं त्याने सांगितलं, "हो. तिसरीत आहे."

"आन् बाकीचे?"

तो पुन्हा माझ्याकडे वळला. मी खाटेपाशी गेले. त्या मला ओळखत नव्हत्या, मी कुठलीतरी सिस्टर होते. मी म्हणाले, "आहेत. बाहेर खेळताहेत."

"समदे?"

"सगळे, आई."

त्यांनी डोळे मिटले. हात तसाच होता. मी तो मुलाच्या डोक्यावरून काढला नाही, त्यांचाच सैल पडून खाली आला तोवर शब्बाथशाळेची घंटा होऊन गेली होती. मंगळवारी त्या गेल्या.

त्यांना पुरून घरी परत यायला निघालो तेव्हा मुलगा फाटकाशी थांबला. विचारलं, आई, त्या दिवशी बाहेर कोण खेळत होतं, मी बघितलं तर कोणीच नव्हतं. नवरा म्हणाला, चल रे, नंतर. मी म्हणाले, नंतर नको. मी त्याला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेले. गवत माजलं होतं, विटा शोधाव्या लागल्या. माझी मला सापडली.

"हा कोण?" त्याने विचारलं.

"तुझा मोठा भाऊ," मी म्हणाले, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याला नावाने हाक मारली.